अरबाबची सही

दुबईतल्या अल क्वोजच्या वर्कशॉपांच्या रांगेत प्रभावती मयेकरची लोखंडी गेट आणि जाळ्या बनवायची शेड आहे. तिथे एक शब्द चालत नाही. बाकी सगळ्या गल्लीत तो दिवसभर उडत असतो. ट्रक भरला, खलास. जेवण झालं, खलास. भांडण मिटलं, खलास. प्रभावतीच्या शेडमध्ये मात्र माणसं ‘झालं’ म्हणतात. बंगाली वेल्डर नूरुद्दीनसुद्धा हातातलं काम खाली ठेवताना ‘जाला, जाला’ म्हणतो. नवा कामगार आला की मालवणचा गुणवंत पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेतो आणि सांगतो, “शिव्या दे, चालतील. पण तो शब्द नको.” का, म्हणून कुणी विचारलंच तर तो मागच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघतो. तिथे माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर पत्र्याला एक खोल पोचा आहे. पुढे त्यावर दोनदा रंग मारून झाला, पण पोचा काही लपला नाही.

प्रभावती मूळची देवबागची. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं. तिच्या लहानपणी मासेमारीच्या जाळ्यांच्या हद्दीवरून दोन घरांत वैर पेटलं होतं. एका दुपारी तिच्या धाकट्या काकाला माडाखाली गाठून कोयत्याने तोडलं. ज्याने घरी येऊन बातमी दिली त्याला वाक्य जुळवता आलं नाही. दाराच्या चौकटीला धरून तो एवढंच बोलला, “खलास.” प्रभावती तेव्हा विळीवर बांगडे कापत होती. तो शब्द तिच्या कानात त्या अर्थानेच बसला, आणि पुढे दुबईला आल्यावरही तिथून लवकर हलला नाही.

तिचं लग्न झालं ते नागेश मयेकरशी. नागेश तेव्हा आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत वेल्डर होता. हात असा की दोन पाइपांचा जोड त्याने मारला तर एक्स-रेमध्येही दोष सापडत नसे. पण त्याच हाताला दुसरी एक सवय होती, आणि ती लग्नानंतर आठच दिवसांत कळली. पानावर मीठ वाढायचं राहिलं म्हणून त्याने तिच्या कानशिलात अशी लगावली की कानात दिवसभर समुद्र वाजत राहिला. सासू म्हणाली, “त्याचो हात जड आसा, पण मन साफ आसा.” प्रभावतीने पुढे अनेक वर्षं त्या साफ मनाचा शोध घेतला.

नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात. घरी कुणी नवऱ्याचं नाव घेत नसे. आई घेत नसे, आजी तर ‘नाग’ या शब्दालाही ‘लांबडं’ म्हणायची, कारण आजोबांचं नाव नागोबा. प्रभावती पहिल्यांदा दुबईच्या विमानतळावर उतरली, तेव्हा खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, “हजबंड नेम?” तिने मान खाली घातली आणि पासपोर्टावरच्या नावावर बोट ठेवलं. तो हसला आणि त्याने शिक्का मारला.

तोपर्यंत नागेशने रुवैस सोडलं होतं आणि अल क्वोजला स्वतःची शेड टाकली होती. दुबईत तेव्हा नव्या व्हिला भराभर उठत होत्या आणि प्रत्येक व्हिलेला गेट लागत होतं. कारागिरीचा असा छोटा धंदा परक्या माणसाला स्वतःच्या नावावर करता येई, पण एका अटीवर. लायसन्सवर तिथल्या एका नागरिकाचं नाव एजंट म्हणून हवं, आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्याची सही हवी. एजंटाचा धंद्यात वाटा नसे, तो शेडमध्ये पाऊलही टाकत नसे. वर्षाची ठरलेली रक्कम घ्यायची आणि सही करायची, एवढंच त्याचं काम. पण ती सही नसेल तर लायसन्स नाही, लायसन्स नसेल तर कामगारांचे व्हिसा नाहीत, आणि मालकाचाही नाही. बायकोचा व्हिसा मालकाच्या व्हिशाला टांगलेला. एवढा सगळा सांगाडा एका टॅकवर उभा. वेल्डिंगमध्ये दोन तुकडे जागेवर राहावेत म्हणून आधी जो ठिपका मारतात, तो टॅक.

नागेशचा एजंट म्हणजे हुमैद. सगळे त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. सत्तरीचा, बारीक, कायम सुपारीसारखं काहीतरी चघळणारा. तरुणपणी तो खजुराचं गलबत घेऊन मुंबईला जाई. तिथे भेंडी बाजारात राहून तो हिंदी शिकला होता, आणि ती हिंदी बोलताना त्याला मोठी मजा वाटे.

कागदपत्रांची ने-आण करायचा उपेंद्र. डोंबिवलीचा, पदवीधर, अरबी फाडफाड बोलणारा. तिकडे अशा माणसाला मंदूब म्हणतात. हुमैदच्या हाताखालच्या पंधरा-वीस छोट्या धंद्यांचे कागद तोच फिरवी. स्वभावाने चेष्टेखोर. शेडमध्ये आला की म्हणायचा, “काय नागेशशेठ, श्वास चालू आहे ना? अरबाबची सही म्हणजे तुमचा ऑक्सिजन हो. आणि सिलिंडरची चावी या गरीब ब्राह्मणाच्या खिशात.” नागेश हसायचा नाही. एकदा उपेंद्र म्हणाला, “माझा मेव्हणा येतोय इंडियाहून. शेड छान आहे हो तुमची. विचार करतो.” तो चहा पिऊन निघून गेला. नागेशने ते वाक्य मनात ठेवलं आणि त्याला रोज धार लावली.

त्या उन्हाळ्यात नूरुद्दीनचं प्रकरण घडलं. एका व्हिलेच्या जिन्याचा कठडा नूरुद्दीनने चुकीच्या मापाने कापला. नागेशने त्याचं मनगट धरलं आणि नुकत्याच कापलेल्या, अजून लाल असलेल्या अँगलवर त्याचा पंजा दाबला. चामडं जळाल्याचा वास शेडभर पसरला. शेडमधल्या सात कामगारांपैकी बाकीचे सहा आपापल्या लोखंडाकडे बघत राहिले. गुणवंत ग्राइंडर चालवत होता, त्याने तो बंद केला नाही, उलट जोरात दाबला, म्हणजे नूरुद्दीनचा आवाज ऐकू येऊ नये. प्रभावती डबा घेऊन दारात उभी होती. तिच्या पोटात तेव्हा चौथा महिना होता. त्याच आठवड्यात, करामा भागातल्या राहत्या फ्लॅटमध्ये, ‘तू बघत काय उभी राहिलीस सगळ्यांसमोर’ या कारणावरून लाथ बसली आणि तो चौथा महिना संपला. त्यानंतर तिला मूल राहिलं नाही.

नूरुद्दीनच्या हाताची गोष्ट कुणीतरी हुमैदच्या कानावर घातली. म्हातारा पहिल्यांदाच आणि एकदाच शेडवर आला. गाडीतून उतरला नाही. काच खाली करून नागेशला म्हणाला, “ये आदमी का हाथ है, लोहा नहीं है. दूसरी बार सुनेगा तो मेरा साइन नहीं. समझा?” नागेश “समझा अरबाब, गलती हो गया अरबाब” म्हणत खिडकीशी वाकला. गाडी गेल्यावर त्याने रिकामं ड्रम लाथेने गल्लीच्या टोकापर्यंत नेलं.

पुढच्याच महिन्यात नूतनीकरणाची तारीख आली.

आदल्या दिवशी नागेशने काच न लावता बराच वेळ वेल्डिंग केलं होतं. सकाळी त्याचे डोळे सुजून बंद झाले आणि त्यांत वाळू भरल्यासारखी आग होऊ लागली. वेल्डरांना हे होतंच. तो शेडच्या मागच्या केबिनमध्ये डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून आडवा झाला आणि प्रभावतीला म्हणाला, “तूच जा. सही घेऊन ये. सहीशिवाय येव नको.”

तिला दुबईत येऊन अजून वर्ष झालं नव्हतं. टॅक्सीने ती हुमैदच्या घरी गेली. बैठकीच्या खोलीत सगळे पुरुष. उपेंद्र म्हाताऱ्याशेजारी बसून कागद पुढे सरकवत होता. प्रभावती चपला काढून दारातच थांबली. म्हातारा एका कागदावर सही करत होता. ती झाल्यावर त्याने तो गठ्ठ्यावर ठेवला, दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले आणि म्हणाला, “नागेश खलास.” मग दारात बाईमाणूस दिसल्यावर त्याने अदबीने नजर वळवली. त्यांच्यात परक्या बाईकडे रोखून बघत नाहीत. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, “यल्ला, यल्ला, सब खलास, घर जाओ.”

आखाती लोकांच्या तोंडी खलास म्हणजे काम झालं, मिटलं, काळजी नको. म्हाताऱ्याने नागेशचं काम संपवून कागद बाजूला ठेवला होता, तिला हेलपाटा नको म्हणून घरी पाठवत होता. सरकारी शिक्के मारून उपेंद्रच कागद शेडवर पोचवणार होता. उपेंद्रने तिच्याकडे बघून अंगठाही वर केला. पण तिच्या डोळ्यांपुढे झटकलेले तळवे होते, फिरवलेलं तोंड होतं, आणि कानात देवबागच्या दाराशी उभा असलेला तो माणूस होता. अंगठा तिला चेष्टा वाटली.

केबिनमध्ये नागेश अजून आडवा होता. डोळ्यांवरचे बटाट्याचे काप उकाड्याने काळे पडले होते.

“सही झाली?”

ती दारातच थांबली.

“काय म्हणालो म्हातारो?”

म्हातारा काय म्हणाला ते तिला जसंच्या तसं सांगता येत नव्हतं. त्यात नवऱ्याचं नाव होतं. तिने ते नेहमीसारखं बदलून घेतलं.

“तुमी खलास, म्हणालो.”

नागेश उठून बसला. काप खाली पडले. “परत सांग.”

“तुमी खलास. हात असे झाडल्यान, आणि तोंड फिरवल्यान. माका म्हणालो, घराक जा.”

“आणि उपेंद्र?”

“बाजूक बसललो.” जरा थांबून ती म्हणाली, “हसत होतो.”

आखातात दहा वर्षं काढलेल्या नागेशने तो शब्द रोज शंभर वेळा ऐकला होता आणि पन्नास वेळा वापरला होता. पण ‘नागेश खलास’ आणि ‘तुमी खलास’ यांत फरक आहे. पहिल्यात नाव कागदाचं होऊ शकतं. दुसऱ्यात माणूस सोडून काही उरत नाही. आणि नूरुद्दीनच्या हाताच्या प्रकरणापासून नागेश याच वाक्याची वाट बघत होता.

केबिनच्या कोपऱ्यात चौकोनी पाइपाचे तुकडे होते, त्यातला एक त्याने चाचपून उचलला आणि बाहेर जाऊन मागच्या पत्र्यापाशी उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. समोरचं सगळं त्याला पाण्याखाली असल्यासारखं दिसत असणार.

तासाभराने उपेंद्र आला. हातात प्लास्टिकची फाइल, आणि आवाज दारापासूनच.

“नागेशशेठ! खलास!” तो दोन्ही हात पसरून म्हणाला. “वर्षभर श्वास घ्या आता. पेढे कुठेत?”

पहिला फटका खांद्यावर बसला. गळ्यापाशी हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, कारण त्या क्षणी नेमकं एकही मशीन चालू नव्हतं. उपेंद्र हसतच होता, त्याच्या चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं. दुसरा फटका तोंडावर. तो भिंतीवर आदळून खाली सरकला. तिसऱ्या फटक्याच्या वेळी त्याने मान बाजूला घेतली आणि पाइप पत्र्यात रुतला. तो हा पोचा. चौथा फटका चुकला नाही. पाइपाची कड डाव्या डोळ्यात गेली.

“म्हेवणो हाडतलंस? शेड व्हयी तुका? शेड?” प्रत्येक शब्दाला नागेश मारत होता. नंतर पाइप टाकून त्याने लाथा घातल्या. फाइल फुटून कागद बाहेर आले होते. निळ्या शाईतली हुमैदची सही वर होती, आणि तिच्यावर लोखंडाच्या चुऱ्यात कालवलेलं रक्त उडालं होतं. प्रभावतीला अरबी वाचता येत नव्हतं. पण सही ओळखायला लिपी लागत नाही.

ती ओरडली. “अवो, सही आसा! सही केल्यानी!”

नागेशला ऐकू गेलं तेव्हा त्याचा पाय हवेत होता. तो त्याने खाली ठेवला, वाकून कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. पोलिसांची गाडी आली तेव्हाही कागद त्याच्या हातात होता.

पोलीस ठाण्यात हुमैद आला. प्रभावतीने तुटक हिंदीत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला. “मैं बोला काम खलास! काग़ज़ खलास! तुम समझा आदमी खलास?” मग हळू आवाजात, जुनं काहीतरी आठवल्यासारखा म्हणाला, “हाँ. बम्बई में ऐसा बोलता था. डोंगरी में. खलास कर देगा, बोलता था.”

उपेंद्र सरकारी इस्पितळात बरेच दिवस होता. डोळा गेला. प्रभावती त्याला भेटायला गेली, तेव्हा जबडा तारेने बांधलेला असल्यामुळे तो दातांतूनच बोलत होता.

“वहिनी, सही घेऊन आलो होतो हो मी. मेव्हणा बँकेत आहे माझा. त्याला ग्रिल आणि गेट यांतला फरक कळत नाही.”

ती पदराने तोंड झाकून उभी राहिली. पदर सरकला तेव्हा त्याने एका डोळ्याने तिच्या गळ्यावरचे जुने, पिवळे पडत चाललेले वळ पाहिले.

“माफीनामा लिहून देतो मी. शिक्षा कमी होईल. बायका-पोरांच्या शिव्याशापांत मला पडायचं नाही. पण एक सांगा. तो बाहेर आला की पहिला हात कुणावर पडणार?”

तिने पदर पुन्हा गळ्यावर ओढला. माफीनामा मात्र त्याने खरोखर दिला. हुमैदनेही शब्द टाकला. नागेशला देशाबाहेर काढलं नाही, काही महिन्यांची कैद झाली.

ते महिने शेड प्रभावतीने चालवली. लायसन्सवर वर्षाची सही होती, त्यामुळे शेडला कुणी हात लावू शकत नव्हतं. मापं घ्यायला ती शिकली. कंत्राटदार पहिल्यांदा तिच्या डोक्यावरून मागे बघत आणि विचारत, “मालिक किधर है?” ती म्हणायची, “मैं बोलती हूँ ना.” एकाने मजुरी बुडवायच्या इराद्याने तिला ढकललं, तेव्हा तिने टेबलावरचा काटकोन मापायचा लोखंडी गुण्या त्याच्या बोटांवर इतक्या शांतपणे मारला की कामगार चमकले. हात जड असणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी आतून कळलं. सोपं होतं ते. भीती वाटावी इतकं सोपं.

शेडमध्ये माणसं बोलू लागली होती. नूरुद्दीन काम करताना गाणं म्हणायचा. त्याची दोन बोटं सरळ होत नसत, पण वाकडी बोटं वेल्डिंगच्या होल्डरला बरोबर बसतात, असं तो म्हणे आणि स्वतःच हसे.

नागेश सुटून आला तो खंगलेला आणि गप्प. आठवडाभर त्याने कुणाला हात लावला नाही. आठव्या दिवशी जेवताना शांतपणे म्हणाला, “माका तुरुंगात घातलंस ता तुझ्या जिभेन.” ती म्हणाली, “जिभेन सांगल्यान, पाइप कोणी उचललो?” असं उत्तर तिने याआधी कधी दिलं नव्हतं. त्याने तिचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं.

हाताला प्लास्टर असतानाच नूतनीकरणाची तारीख पुन्हा आली. उपेंद्रने काम सोडलं होतं. हुमैदने नागेशला घरी यायची बंदी केली होती. तेव्हा या वर्षीही नागेशने तिलाच पाठवलं. या वेळी त्याच्या आवाजात जरब नव्हती, घाई होती. “सही घेऊन ये. सही नाय तर आपण दोघांय रस्त्यार.”

म्हाताऱ्याने तिला आत बोलावून बसवलं. समोर चहा ठेवायला लावला. या वेळी त्याने नजर वळवली नाही. प्लास्टरकडे बघितलं, मग कागदाकडे, पेनचं टोपण काढलं आणि थांबला.

“दरवाज़ा लगा,” त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली.

“दरवाज़े को हाथ है क्या?”

तिने प्लास्टर पदराखाली घेतलं. म्हाताऱ्याने पेन कागदावर टेकवलं. “लिखूँ? नागेश?”

खोलीत घड्याळ नव्हतं, पंखा होता, आणि त्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. प्रभावतीने चहाचा पेला खाली ठेवला. उखाण्यानंतर पहिल्यांदा ते नाव तिच्या ओठांवर आलं. लग्नात लाजून घेतलं होतं, त्यापेक्षा आता सोपं गेलं.

“नागेश खलास,” ती म्हणाली.

म्हातारा चघळायचा थांबला. “कौन सा खलास? बम्बई वाला, दुबई वाला?”

तिने विचार केला. खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

“अभी मालूम नहीं, बाबा.”

हुमैदने पेनला टोपण लावलं. मग कागद उलटा केला, दुसरा कोरा पुढे ओढला आणि विचारलं, “तुम्हारा पूरा नाम बोलो. शेड वही, काम वही. नया लायसन्स. एजंट मैं. उसका व्हिसा मेरे साइन से नहीं रहेगा. मंज़ूर?”

तिने पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मधलं नवऱ्याचं नाव गाळलं.

ती शेडवर परतली तेव्हा दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. नागेश दारातच उभा होता.

“काय म्हणालो म्हातारो?”

गेल्या वर्षीचाच प्रश्न. ग्राइंडर थांबले. माणसांनी लोखंडाकडे बघायच्या ऐवजी या वेळी तिच्याकडे बघितलं.

“मी म्हणालंय,” ती म्हणाली. “नागेश खलास, म्हणान मीच सांगलंय. शेड माझ्या नावार आसा. तुमी देवबागाक जावा.”

स्वतःचं नाव बायकोच्या तोंडून ऐकलं आणि तो क्षणभर नुसता बघत राहिला, जणू तिने त्याच्या अंगावरचा कपडा उतरवला. मग त्याने कोपऱ्यातला पाइप घेतला. पहिला घाव प्लास्टरवर बसला, ते फुटलं, आतलं हाड पुन्हा निखळलं. दुसरा घाव उचलला तो खाली आलाच नाही. नूरुद्दीनने मागून पाइप धरला होता. वाकडी बोटं पाइपाला बरोबर बसली होती.

त्यानंतर काय झालं ते इतकं झटपट झालं की आधी कोण पुढे सरकलं, ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. सातही माणसं त्याच्यावर तुटून पडली. कुणाच्या हातात सळई, कुणाच्या हातात साखळी, कुणाचे नुसते बूट. वर्षानुवर्षं खाली घातलेल्या माना एकदम वर आल्या होत्या. नागेशने दोघांना झुगारलं, एकाच्या कानाला चावला, मग गुडघ्यावर आला, मग पोचा पडलेल्या पत्र्याखाली आडवा झाला. तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. कुणी ओरडत नव्हतं. फक्त मारल्याचा आवाज आणि दमलेले श्वास.

प्रभावती खांबाला टेकून उभी होती. हात लोंबत होता. तिला तो दुखत नव्हता. तिला कानशील आठवलं, दार आठवलं, चौथा महिना आठवला. गुणवंत घण घेऊन नागेशच्या डोक्यापाशी आला आणि त्याने पाय फाकून उभं राहायची जागा बघितली, तेव्हा ती ओरडली,

“खलास!”

सगळे थांबले. बंगाली, पठाण, मल्याळी, सगळे. त्यांच्यासाठी त्या शब्दाचा एकच अर्थ होता. पुरे. नूरुद्दीन दोन पावलं मागे सरकला आणि तोंड पुसू लागला.

गुणवंत थांबला नाही आणि त्याने घावही घातला नाही. तो मालवणचा. त्याला दोन्ही अर्थ माहीत होते. घण वर धरून त्याने मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. घाम त्याच्या हनुवटीवरून नागेशच्या कपाळावर ठिबकत होता. नागेशचा एक डोळा उघडा होता, आणि तोही तिच्याकडेच बघत होता.

“खयचो, वयनी?” गुणवंतने विचारलं.

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. तो वेळ तिने का घेतला, ते शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि खाली पडलेल्यालाही. बाहेर गल्लीतून एक रिकामा ट्रक खडखडत गेला. त्याचा आवाज पार विरला, तरी ती बघत होती.

“दुबयचो,” ती म्हणाली.

गुणवंतने घण खाली ठेवला.